स्क्रीनवरचं उलटं ताट

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. चंदगड तालुक्यातल्या ज्या वाडीत मी वाढले, तिथं दर पावसाळ्यात कुणाला तरी ओढ्याकाठी काहीतरी दिसायचं, कुणाला मागून हाक यायची. आमचे वडील हसायचे. म्हणायचे, "लावणी उरकली, कामं संपली, की मग ह्यास्नी भुतं दिसत्यात. लावणी चालू असताना कुणाला दिसलंय का कधी?" मला ते पटायचं. अजूनही पटतं... म्हणूनच जे झालं ते कुठं ठेवावं कळत नाही.

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस गुपचूप वाचते. वाचते आणि पुढं जाते, कधी कुणाला अंगठासुद्धा दिलेला नाही. चार माणसांत बोलायला मला जमत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, वाडीत पुढची शाळाच नव्हती. हे सगळं मी फोनवर माझं मलाच लिहून ठेवतेय. ग्रुपवर टाकेन असं वाटत नाही. पण समोर कुणीतरी बसलंय असं धरलं की लिहायला सोपं जातं, म्हणून तुम्हांला सांगितल्यासारखं लिहिते.

आधी जागा नीट सांगते. शाहूपुरीत आमच्या यांचं छोटं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक गाळा. रस्त्याकडं शटर, आत एक लांब टेबल, दोन खुर्च्या आणि कॉम्प्युटर, वर जुन्या सामानाचा पोटमाळा. आमचे पाच टेम्पो आहेत. गूळ, काजू, कधी लग्नाची कपाटं, मिळेल ते भाडं. चार गाड्यांवर ड्रायव्हर, पाचवी मोठी गाडी हे स्वतः चालवतात. घर कळंब्याला. घरी आम्ही दोघं आणि सासूबाई, त्यांना मी आत्ती म्हणते. मुलगी लग्न होऊन सांगलीला असते.

आधी ऑफिसमध्ये एक मुलगी कामाला होती. तिचं लग्न ठरलं, ती गेली. हे मला म्हणाले, "आता तूच बस."

"मी? मला फोनवर बोलता येत नाही."

"बोलायला कोण सांगतंय? गाडी कुठं आली तेवढं बघून सांगायचं."

"आणि कुणी इंग्रजीत विचारलं तर?"

"शाहूपुरीत कोण इंग्रजीत इचारतंय? शिव्या घातल्या तरी मराठीतच घालतील की."

झालं, बसले. पहिले काही दिवस नुसती रडवेली होते. प्रत्येक गाडीत ती कुठं आहे ते दाखवणारं यंत्र बसवलेलं आहे. पण पाच गाड्यांची पाच यंत्रं वेगवेगळ्या वेळी घेतलेली, म्हणून प्रत्येकीची वेबसाईट वेगळी आणि प्रत्येकीची स्क्रीनवर खिडकी वेगळी. शिवाय गिऱ्हाइकांच्या मेसेजची एक. सगळ्या नकाशांचं तोंड सारखंच! फोन आला की मी गडबडायची. नाव एका गाडीचं आणि बघितलं भलत्याच खिडकीत. एका गूळवाल्याला मी तुमचा माल कराडला पोचला म्हणून सांगितलं आणि गाडी त्याच्याच दारात उभी होती. तो यांना म्हणाला, "वहिनी लई लांबचं बघत्यात."

त्या दिवशी हे माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "ताट वाढताना कधी चुकतीस का?"

"नाही."

"डोळं झाकून वाढशील न्हवं? मग हे ताट समज."

आणि त्यांनी माऊसनं एकेक खिडकी ओढून लावली. वर मधोमध मीठ, ती मेसेजची छोटी खिडकी. डाव्या हाताला वर चटणी, तिच्याखाली कोशिंबीर. उजव्या हाताला वर भाजी, तिच्याखाली आमटी. आणि मधे भात, म्हणजे यांची मोठी गाडी.

त्यानंतर मी चुकले नाही. फोन आला की डोळा आपोआप तिकडं जायचा. पुढं पुढं तर गाड्यांची नावंच ती पडली. हे फोन करून विचारायचे, "भाजी पोचली का गं?" आणि मी म्हणायची, "भाजी पोचली, आमटी निपाणीजवळ आहे." आमटीचा ड्रायव्हर शिवा. तो एकदा तक्रार घेऊन आला. "वहिनी, मला भाजी करा की. आमटी आली, आमटी आली म्हणून धाब्यावर सगळी हसत्यात."

"भाजीवाल्याला विचारा."

"त्यो देतोय व्हय जागा! त्यो म्हणतोय, आमटी पातळ हाय म्हणूनच पळती."

असं चाललं होतं. मला तिथं बरं वाटायला लागलं होतं.

तर त्या दिवसाचं सांगते. गुळाचा हंगाम जोरात होता, रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेले. हे पहाटेच चंदगडला काजू आणायला गेले होते. मी नेहमीसारखं शटर वर केलं, उदबत्ती लावली, कॉम्प्युटर चालू केला. स्क्रीनवर खिडक्यांऐवजी नुसतं निळं आणि मधे एक गोल फिरत होता. शेजारच्या गाळ्यात अभय म्हणून आहेत, ते कॉम्प्युटर दुरुस्त करतात. त्यांना हाक मारली. ते दारातूनच बघून म्हणाले, "अपडेट चाललंय वहिनी. बंद करू नका, चहा प्या."

अपडेट झालं. आणि स्क्रीन रिकामी. पंगतीत बसल्यावर कुणी पुढचं पान उचलून न्यावं तसं झालं. अभय आले, त्यांनी काहीतरी दाबलं. सगळ्या खिडक्या परत आल्या, पण एकीवर एक ढीग. ते म्हणाले, "अपडेटनंतर असंच होतंय. लावून घ्या तुमचं ताट."

मी एकेक ओढून लावली. मीठ, चटणी, कोशिंबीर, भाजी, आमटी, भात. मग पाण्याचा जार भरायला मागच्या नळावर गेले. परत आले तेव्हा स्क्रीन काळी झाली होती. थोडा वेळ हात लावला नाही की ती तशी होते. मी एका हातात जार धरूनच माऊस हलवला.

स्क्रीन लागली, आणि चटणी उजवीकडं होती.

चटणी उजवीकडं, तिच्याखाली कोशिंबीर. भाजी डावीकडं, तिच्याखाली आमटी. मीठ आणि भात जिथल्या तिथं. खिडकीच्या वर गाडीचा नंबर असतो, तो मी एकेक वाचला. बरोबर आरशात दिसावं तसं उलटं.

तुम्हांला वाटेल त्यात काय एवढं. माझ्या हातातला जार खाली कधी ठेवला गेला मला कळलं नाही. सांगते का ते.

लग्न होऊन आले त्या वर्षी पितृपक्षात आत्तींनी मला सासऱ्यांचं ताट वाढायला सांगितलं. मी रोजच्यासारखं वाढलं. आत्ती देवघरातून आल्या, ताट बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. ओरडल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "बाळे, जित्या माणसाला वाढल्यागत वाढलंस की गं." मग ताट बाजूला केलं, दुसरं घेतलं आणि स्वतः वाढून दाखवलं. चटणी-कोशिंबीर उजव्या हाताला, भाजी-आमटी डाव्या हाताला, आणि वाढायला सुरुवात उजवीकडून. गेलेल्या माणसाचं ताट उलटं. घराघराची रीत वेगळी असेल, आमच्यात अशी आहे. त्या दिवसापासून तसलं ताट मी वर्षातून एकदाच बघते आणि ते दुसऱ्या कुठल्या दिवशी दिसलं की काळजात चर्र होतं.

मी स्वतःला समजावलं, कॉम्प्युटरला काय कळतं. माझंच लावताना चुकलं असेल. परत सगळं ओढून सरळ लावलं. एक फोन आला, भाजी कुठं आहे ते सांगितलं. फोन ठेवेपर्यंत स्क्रीन काळी. माऊस हलवला — उलटं.

अभयना परत बोलावलं. त्यांनी खुर्चीत बसून बरंच काय काय उघडून बघितलं.

"असं कशानं होतंय?" मी विचारलं.

"अपडेटनं काय पण होतंय वहिनी. काही भाषा उजवीकडनं डावीकडं लिहित्यात न्हवं, त्यांच्यासाठी तशी सेटिंग असती. ती लागली असंल." मग तेच थांबले. "पण मग बटणं, अक्षरं, सगळंच फिरायला पाहिजे. हितं नुसत्या खिडक्याच फिरल्यात."

"आमच्यात गेलेल्या माणसाला असं वाढतात," मी म्हटलं. माझ्या तोंडून कसं निघालं कुणास ठाऊक, मी त्यांच्याशी कामाशिवाय बोलत नाही.

ते हसले नाहीत. म्हणाले, "आमच्यात श्राद्धच न्हाय वहिनी, मला त्यातलं काय कळत न्हाय. तुम्ही नका मनाला लावून घेऊ." आणि स्क्रीन काळी होऊ नये अशी सेटिंग करून, खिडक्या सरळ लावून ते गेले.

मी खुर्चीत बसले. हात मांडीवर ठेवले, माऊसला लावलाच नाही. स्क्रीनकडं बघत राहिले. खिडक्या सरळ होत्या. बाहेर ट्रॅक्टर जात होते, कुणाच्या तरी गाडीवर मोठ्यानं गाणं लागलं होतं, उन्हाचा पट्टा टेबलाच्या पायापर्यंत आला होता. अगदी रोजचा दिवस.

आणि माझ्या डोळ्यांसमोर स्क्रीन काळी झाली.

लागली तेव्हा रिकामी होती. मग उजव्या हाताला वर एक खिडकी आली. चटणी. थोडं थांबून तिच्याखाली कोशिंबीर. मग डाव्या हाताला भाजी. मग आमटी. मग वर मीठ. आणि सगळ्यांत शेवटी, मधे, भात. एकदम आल्या नाहीत हो... एकेक आली. पातेल्यातून पळी घेऊन, वाढून, पुढच्या पातेल्याकडं वळायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ दोन खिडक्यांमधे जात होता. कुणीतरी सावकाश वाढत होतं.

मला ओरडताही आलं नाही. एकच विचार आला — आपल्यातलं कुणीतरी जाणार. नाहीतर गेलंय, आणि आपल्याला अजून माहीत नाही.

फोन करायची वेळ आली की मी आधी मनात वाक्य जुळवते, पाणी पिते, मग करते. त्या दिवशी तसलं काही केलं नाही. पहिला यांना लावला. लागेना. चंदगडच्या वाटेवरच्या घाटात कधी रेंज असते, कधी नसते. मग शिवाला.

"वहिनी? तुम्ही सोताहून फोन केलासा? काय झालं?"

"काही नाही. तुम्ही ठीक आहात ना?"

"मी वडा खालोय."

"सावकाश चालवा."

"वडा का गाडी?"

मी फोन ठेवला. बाकीच्या तिघांना लावला. सगळे ठीक. एक जण झोपेतून उठून माझ्यावर चिडला, तेसुद्धा मला बरं वाटलं. मुलीला लावला, ती म्हणाली, "आई, मी भाजी घेतेय, नंतर करते." ठीक. माहेरी भावाला लावला. ठीक. परत यांना लावला, आणि या खेपेला त्यांनी उचलला.

मी सगळं एका दमात सांगितलं. ते ऐकून घेत होते, मागं गाडीचा आवाज येत होता. मग हसायलाच लागले.

"म्हंजे भाजीनं आन चटणीनं जागा बदलली, म्हणून मी गाडी हुबी करू?"

"करा ना. थोडा वेळ थांबा."

"खुळी हाईस काय? अपडेट झालंय गं नुसतं."

"तुम्ही थांबा, मी पाया पडते."

माझा आवाज ऐकून त्यांचं हसणं थांबलं. म्हणाले, "बरं, थांबतो. आजरा आला की चहाला थांबतो. आईला फोन केलास?"

आत्तींना केलाच नव्हता. लावला. वाजत राहिला. परत लावला. परत वाजत राहिला.

मग मी काही बघितलं नाही. कॉम्प्युटर बंद केला नाही, लाईट बंद केली नाही. डबा टेबलावर तसाच. शटर खाली ओढलं, कुलूप लावायचंही सुचलं नाही आणि समोर दिसली ती रिक्षा पकडली. रिक्षावाल्याशी मी कधी बोलत नाही, त्या दिवशी सारखं म्हणत होते, "लवकर चला की हो, लवकर चला की." तो म्हणाला, "उसाच्या ट्रॉलीवरनं उडवू काय बाई आता?"

कळंब्याला पोचले. फाटक उघडलं आणि बघते तर आत्ती पत्र्याच्या सावलीत पाय पसरून बसलेल्या, पुढ्यात सुपात शेंगा.

"काय गं, आज लवकर? ऑफिस इकलं काय?"

मी तिथंच पायरीवर बसले. "आत्ती, फोन का उचलत नाही?"

"फोन आत चार्जिंगला हाय. त्येला बी भूक लागती."

"मला वाटलं..."

"काय वाटलं? मेली म्हणून आलीस व्हय धावत?" त्यांनी सुपातली एक शेंग माझ्याकडं टाकली. "एवढ्या शेंगा फोडून हुंद्यात, मग बघू मरायचं."

मला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही आलं. इतकी लाज वाटली! सगळ्या ड्रायव्हरांना फोन केले, आता दिवाळीपर्यंत चिडवत राहणार. यांना गाडी थांबवायला लावली. चौथी शिकलेल्या बाईला कॉम्प्युटरपुढं बसवलं की असंच होणार, असं वाटलं. तोंड धुतलं आणि चहा ठेवला.

चहाला उकळी येत होती तेव्हा फोन वाजला. अभय होते.

"वहिनी, तुम्ही कुठं हाय?"

"घरी. का?"

"आत न्हाय न्हवं? शटरच्या आत न्हाय न्हवं तुम्ही?"

"नाही ओ, मी कळंब्याला, घरी..."

त्यांच्या मागं माणसं ओरडत होती, लोखंडावर लोखंड आपटत होतं. मग त्यांनी कुणाला तरी मोठ्यानं सांगितलं, "घरी हाईत! बाई घरी हाईत!" आणि मागचा दंगा एकदम थांबला.

ऑफिसचा पोटमाळा पडला होता. टेबलाच्या बरोबर वर होता तो. लाकडी फळ्या, खाली लोखंडी अँगल. त्यावर जुने टायर, जॅक, ताडपत्र्या आणि एका गाडीचा उतरवलेला गिअरबॉक्स. भिंतीतला अँगल निसटला आणि सगळं खाली आलं. आवाज रस्त्यापलीकडं गेला म्हणे. शटर ओढलेलं, फटीतून आतली लाईट दिसत होती. आणि वेळ माझ्या जेवणाची होती. लोकांसमोर खायला मला लाज वाटते, म्हणून रोज डबा उघडायच्या आधी मी शटर खाली ओढून घेते. आजूबाजूच्या सगळ्यांना ते माहीत आहे. त्यांना वाटलं, मी आत जेवतेय. शटर वाकडं होऊन अडकलं होतं, म्हणून पहारी घालून ते तोडत होते.

"खुर्ची दिसंना वहिनी," अभय म्हणाले. "खुर्ची कुठं हाय तेच दिसंना."

चहा उतू जाऊन गॅस विझला होता. आत्तींनी येऊन तो बंद केला आणि माझ्या हातातून फोन घेतला.

नंतर यांचा फोन आला. कुणीतरी त्यांना कळवलं होतं. ते एकच वाक्य परत परत म्हणत होते, "तू घरी हाईस न्हवं? घरी हाईस न्हवं?" मी हो म्हणायची, थोडं थांबून ते परत विचारायचे.

आत्तींना मी सगळं सांगितलं. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, म्हणून थाळी घेऊन, बोटानं दाखवून सांगितलं. पहिल्यांदा उजवीकडं ही आली, मग खाली ही, मग डावीकडं. त्या मान हलवत ऐकत होत्या. मी कुणाकुणाला फोन केले तेही सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं.

"ताट कुणाम्होरं वाढलं व्हतं?"

"कुणापुढं नाही आत्ती. ते स्क्रीनवर होतं."

"आगं व्हय. पण स्क्रीनीम्होरं कोण बसलं व्हतं?"

मी हातातली थाळी बाजूला ठेवली. भिंत धरून खाली बसले. मी पाची गाड्या बघितल्या, मुलगी बघितली, भाऊ बघितला, आत्तींसाठी धावत आले. वाडीतल्या म्हाताऱ्या चुलतीलासुद्धा फोन करावा असं रिक्षात मनात येऊन गेलं होतं. सगळ्यांची नावं घेतली. माझं नाव एकदाही मनात आलं नाही. लग्न झाल्यापासून मी वाढत आलेय. वाढलेलं ताट माझ्यापुढं असू शकतं, हे मला सुचलंच नाही.

त्या संध्याकाळी आत्तींनी मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. पाट मांडला, मला बसवलं. मी नको नको म्हणत होते. हे गाडी माल उतरवायला शिवाच्या ताब्यात देऊन आले होते, ते दाराशी नुसते उभे होते. आत्तींनी मीठ वाढलं. मग चटणीचा डबा घेतला. माझे डोळे त्यांच्या हातावर. हात डावीकडं वळला, चटणी डाव्या बाजूला पडली, आणि मला जोरात हुंदका आला. यांनी तोंड फिरवलं. आत्ती म्हणाल्या, "जेव. गार हुतंय."

आता कारणांचं सांगते. पोटमाळा का पडला ते कळलं. भिंतीत ओल होती, अँगल आतून गंजला होता, वजन जास्त होतं. त्याला कारण आहे आणि ते सगळ्यांना पटलं. ऑफिस परत उभं राहिलं, आता वर काही ठेवत नाहीत. स्क्रीनचा चुरा झाला होता, पण टेबलाखालचा कॉम्प्युटरचा डबा वाचला. अभयनी तो स्वतःच्या दुकानात नेऊन दुसऱ्या स्क्रीनला लावला, मी शेजारी उभी होते. काळी करून, चालू करून, बंद करून, कितीतरी वेळा बघितलं. खिडक्या एकदाही हलल्या नाहीत. अपडेटचंही बघितलं. म्हणाले, "ह्यात तसलं काय न्हाय वहिनी. एकेक खिडकी थांबून थांबून यायचं तर कारणच न्हाय."

आमचे हे म्हणतात, "वर लाकूड करकरलं असंल. तुझ्या कानानं ऐकलं, तुला कळलं न्हाय. मन घाबरलं आन डोळ्याला तसं दिसलं." मी त्यांना काही बोलत नाही. तसं म्हटल्यावर त्यांना झोप लागते. पण उलट्या खिडक्या अभयनीही बघितल्या होत्या, आणि त्यांना तर उलट्या ताटाचं काही माहीत नव्हतं. आणि करकर मला ऐकू आली नव्हती. मी इतकी गप्प बसले होते की आली असती तर ऐकू आली असती.

आत्ती म्हणतात, सासऱ्यांनी केलं. सुनेला उठवलं. त्या तसं म्हणतात आणि हात जोडतात. मीही जोडते. पण सासऱ्यांना मी कधी बघितलेलं नाही, माझ्या लग्नाच्या आधीच ते गेले. आणि उठवायचं असतं तर कुणी हाक मारतं, दार वाजवतं. गेलेल्या माणसाचं ताट पुढं वाढून कुणी कुणाला उठवतं का? ताट वाढतात ते बसवायला.

मी आता रोज त्याच जागी बसते, नव्या स्क्रीनपुढं. खिडक्या सरळ असतात. वाढणारं कोण होतं ते कळलं नाही, आणि त्याला मला उठवायचं होतं की बसवायचं होतं, तेही नाही.